तिच्या हातचे डोळे

आमच्या घराला पाटी नव्हती. पेणमध्ये पाच वर्षं ते घर चालवलं, पण दारावर ना नाव लावलं ना नंबर. शेजारीपाजारी विचारायचे तेव्हा मी सांगायची, पापडाचा उद्योग आहे. ते खोटं नव्हतं. अंगणात खाटेवर पापड वाळत असायचे आणि आत पाच-सात बायका लाटत बसलेल्या असायच्या. त्यातली प्रत्येक जण कुणाचा तरी मार खाऊन, मिळेल ती गाडी पकडून आमच्यापर्यंत आली आहे, हे मात्र मी सांगायची नाही.

मी मूळची रोह्याची. एसटीत कंडक्टर होते. रोहा-पेण गाडी मी इतकी वर्षं केली की डोळे मिटून उभी राहिले तरी नागोठणं गेलं की वडखळ आलं, हे खड्ड्यांवरून सांगता यायचं. कंडक्टरला माणूस तिकिटावरून कळतो. माहेरी निघालेली बाई गावाचं नाव ठणकावून सांगते. घरातून पळालेली बाई म्हणते, "गाडी जाते तिथवरचं द्या." तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते, कडेवर पोर असतं, आणि पायातल्या दोन चपला कधी कधी एका जोडीच्या नसतात. "उतरायचं कुठं गो?" म्हणून विचारलं की ती खिडकीबाहेर बघायला लागते. पेणला गाडी रिकामी व्हायची, पण ती बसलेलीच असायची. मी तिला स्टँडवरच्या बाकावर आणून बसवायची, चहा पाजायची, पोराला बिस्किटाचा पुडा द्यायची आणि परतीच्या गाडीत बसवून द्यायची. तिचं परतीचं तिकीटही मीच फाडायची. दुसरं करणार काय होते? तिला ठेवायला जागाच नव्हती. सरकारी निवारा लांब, आणि तिथे जायचं तर आधी कागद लागणार. मार खाणारी बाई पळताना पोराला उचलते, कागदांची फाईल उचलत नाही. त्या फाडलेल्या तिकिटांचा मला आजही राग येतो, आणि तो माझा मलाच येतो.

म्हणून मुदतीआधी नोकरी सोडली. माझ्या ओळखीची एक निवृत्त नर्स सोबत आली. आम्ही दोघींनी पेणमध्ये एक बसकं घर भाड्याने घेतलं. भाडं माझ्या फंडातून जायचं, आणि धान्य मागून आणावं लागायचं. मागायला गेल्यावर लोकांचं खरं रूप दिसतं. देवळाच्या पत्र्याला, मंडळाच्या मांडवाला, क्रिकेटच्या ढालीला हात सैल सोडणारी माणसं मला दारात उभी करून म्हणायची, "तुम्ही लोकांचे संसार मोडता." संसार मोडलेला असतो, हाडही मोडलेलं असतं, मी फक्त त्यानंतर येते, एवढं सांगून मी पुढच्या दाराला जायची. कधी कधी आणखीही काही सांगायची, पण ते लिहिण्यासारखं नाही.

अशात ती आली. थंडीचे दिवस होते. सहा वर्षांची मुलगी बरोबर होती. माहेर हमरापूरच्या आसपासचं, सासर जोह्याकडचं. म्हणजे दोन्हीकडे गणपतीचे कारखाने. त्या पट्ट्यात घराच्या पडवीत मूर्तींची रांग असतेच. नवरा रोह्याजवळ धाटावला कंपनीत शिफ्टला जायचा आणि घरचा कारखानाही सांभाळायचा. त्याच्याविषयी तिने पहिले आठ दिवस एक अक्षर काढलं नाही. आमची नर्स नव्या बाईला तपासते आणि कुठे काय लागलंय ते मी वहीत लिहून घेते. पाठ, बरगडी, डावा दंड, मांडी, कानामागे जुनी खोक. पान भरलं. नर्सने उजवा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "याला काही नाही. साधा ओरखडासुद्धा नाही." मी तसं लिहिलं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा सुचलं नाही.

आमच्याकडे नियम कडक होते. येतानाच फोन बंद करून माझ्या कपाटात ठेवायचा. बाजारात मी किंवा नर्स जाणार. फोटो नाही. मुलीचा शाळेचा दाखला मागवायचा नाही, कारण दाखल्याच्या मागोमाग बाप येतो. बँकेत पत्ता बदलायचा नाही. माहेरी निरोपही द्यायचा नाही, कारण आईला फुटलेला हुंदका दुसऱ्या दिवशी जावयाच्या कानावर जातो. हे सगळं मी अनुभवातून शिकले होते आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. कुठल्या फटीतून माणूस आत शिरू शकतो ते मला सगळं ठाऊक आहे, असं मी समजत होते.

त्याच सुमारास माझ्या फंडाचे पैसे तळाला गेले, आणि एका देणगी देणाऱ्या संस्थेने आमच्याकडे लक्ष वळवलं. तिथल्या मॅडम मुंबईहून यायच्या. वयाने लहान, बोलायला गोड, चहाला कधी नाही म्हणायच्या नाहीत. त्या आधी म्हणाल्या, दारावर संस्थेच्या नावाची पाटी लावू या. मी म्हटलं, मग खाली बाणही काढा, म्हणजे नवऱ्यांना शोधायला सोपं जाईल. त्या ओशाळल्या, पाटीचा विषय संपला. मग त्यांनी फोटो मागितले, चेहरे पुसट करून. मी म्हटलं, बाई चेहऱ्यावरूनच ओळखू येते असं थोडंच आहे, नवरा पाठीवरूनही ओळखतो, साडीवरूनही ओळखतो. तेही त्यांनी सोडलं. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "ताई, हे सगळं टिकाऊ कसं होणार? बायकांनी स्वतः कमवायला हवं. आमच्याकडे स्वावलंबनाचा रकाना आहे, तो रिकामा ठेवून पैसे सुटत नाहीत."

मला भयंकर राग आला होता. नवऱ्यांचं मारणं कुणाच्या देणगीवर चालत नाही, तरी ते किती टिकाऊ आहे. बरगडी जुळायच्या आत बाईने कमाईला लागायचं, हे म्हणजे दवाखान्यात रोग्याने आधी खाट विणून द्यायची आणि मग तिच्यावर पडायचं. पण माझ्या फंडात आता तीन महिन्यांचं भाडं उरलं होतं. आणि खरं सांगायचं तर हे तिसरं मागणं मला पहिल्या दोन मागण्यांसारखं धोक्याचं वाटलं नाही. काम केल्याने कुणाचं काय बिघडतं? मी हो म्हटलं.

पापड होतेच. पण पापडाची कमाई रकान्यात दिसण्याएवढी नव्हती आणि पावसात पापड वाळणार कुठे? पेणमध्ये बाकी काम म्हणजे गणपती. ओळखीचे एक कारखानदार होते, सज्जन माणूस. त्यांना मी पापडवाली बाई म्हणूनच माहीत. ते म्हणाले, लहान मूर्ती घरी पाठवतो, रंगवून द्या, नगावर पैसे. टेम्पोने पांढऱ्या मूर्ती आल्या आणि आमच्या पुढच्या खोलीत ओळीने बसल्या. बायकांना मजा वाटली. कुणी पितांबर रंगवायची, कुणी उंदीर. आणि ही, आठवड्यातून चार शब्द बोलणारी, ब्रश हातात धरल्यावर वेगळीच दिसायला लागली. पाठ ताठ, श्वास रोखलेला, रंगाची रेघ कुठे थरथरायची नाही.

कारखानदार माल न्यायला आले तेव्हा म्हणाले, "डोळे मी माझ्याकडे काढून घेतो, पण आखणी करणारा माणूस मिळत नाही सीझनला. तुमच्याकडे कुणाला जमत असेल तर त्याचे पैसे वेगळे देईन." आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात मोलाचं काम. बाकीच्या बायकांनी हिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

कारखानदार गेल्यावर ती माझ्याकडे आली. "ताई, रंग सगळा देते मी. डोळे नको. डोळे दुसऱ्या कुणाला द्या."

"का गो? येत नाहीत का?"

"येतात. पण मी नाय काढत."

आता इथे मी जे केलं ते लिहायला मला जड जातंय, पण लिहिलं पाहिजे. मला वाटलं, नवऱ्याला सोडून आलेल्या बाईने देवाचे डोळे काढू नयेत असं काहीतरी हिच्या डोक्यात भरवलेलं असणार. असल्या गोष्टी मी खूप ऐकल्या होत्या. हिला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, तिला ओटी भरू देत नाहीत. माझं डोकं फिरलं. मी तिला सगळ्यांसमोर चांगलं पाव तास ऐकवलं. या घरात विटाळ नाही, पांढरं पाऊल नाही, अपशकून नाही. मारणाऱ्याचे हात देवाला चालतात आणि मार खाणारीचे चालत नाहीत का? माझं बोलणं फार जोरदार झालं. दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आज एका बाईच्या मनातली मोठी भीती मी काढून टाकली.

तिने वाद घातला नाही. वाद घातल्यावर काय होतं हे तिला दहा वर्षं शिकवलेलं होतं. शिवाय ज्या बाईच्या घरात पोरीसकट राहायचं, जिच्या हातचं खायचं, तिला दुसऱ्यांदा नाही कसं म्हणायचं? "बरं," म्हणाली आणि ब्रश घेतला.

ते डोळे मी पाहिलेत. मला त्यातलं काही कळत नाही. आम्ही रोह्याची माणसं, आमच्याकडे गणपती येतो तो डोळे घेऊनच येतो. पण तिने काढलेले डोळे असे होते की खोलीत कुठेही उभं राहा, मूर्ती आपल्याकडेच बघते आहे असं वाटायचं. वरच्या पापणीची रेघ कडेला किंचित उतरती, त्यामुळे नजर थोडी दमल्यासारखी आणि फार मायेची. तिची मुलगी एक एक मूर्ती पुरी झाली की तिला नमस्कार करून यायची. कारखानदार खूश झाले. रकाना भरला. मॅडमनी फोन करून अभिनंदन केलं, पहिला हप्ता सुटला आणि मी भाडं चुकतं केलं. चार महिने आमचं बरं चाललं.

श्रावणात एके दिवशी दुपारी मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. फाटक वाजलं. तीन माणसं आत आली. दोघे गावातले जाणते असावेत, टोप्या घातलेले. तिसरा तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला.

"मावशी, आमचं माणूस तुमच्याकडं हाय. न्यायला आलोय."

"इथं पापडाचं काम चालतं," मी म्हटलं. "तुमचं इथं कोणी नाही."

तो हसला. पिशवीतून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूर्ती काढली, कागद सोडवला आणि ती माझ्यासमोर ओटीच्या कडेला ठेवली. आमच्याच खोलीतून गेलेला गणपती होता. उंदराचं शेपूट जरा जाड झालं म्हणून बायका हसल्या होत्या, तोच.

"हे डोळे माझ्या बायकोचे," तो म्हणाला. "हजार गणपतींत ओळखीन मी. शिफ्ट सुटल्यावर रोह्याच्या बाजारात उभा होतो, गणपतीनंच माझ्याकडं बघितलं. दुकानदाराला विचारलं, त्यानं कारखाना सांगितला. कारखानदाराला म्हटलं, आमचा पण माल द्यायचा हाय आखणीला. त्यानं घर सांगितलं."

टोपीवाल्यांपैकी एकाचे डोळे भरून आले होते. "बघा बाई, एवढा जीव हाय पोराचा तिच्यावर. नुसत्या डोळ्यांवरनं बायको ओळखली. नवरा-बायकोचं भांडण कुठं होत नाय? देवानंच वाट दाखवली म्हणायची."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ ओटीभर झाले. फोन, दाखला, बँक, फोटो, पाटी, सगळ्या फटी मी बुजवल्या होत्या, आणि आमच्याच पुढच्या खोलीतून गावोगाव तिची सही पाठवत होते. तीही तिला दटावून करायला लावून. पापड कुणी लाटला हे पापड बघून कळत नाही. डोळे कुणी काढले हे त्या पट्ट्यातल्या कुणालाही कळतं. ती "डोळे नको" म्हणाली तेव्हा ती देवाला घाबरत नव्हती, नवऱ्याला घाबरत होती, आणि मी तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं होतं.

पण अंगावर आलेल्या माणसापुढे रडत बसायची मला सवय नाही. नर्सने आतून पोलीस ठाण्याला फोन लावलेला मला ऐकू आला. मला वेळ काढायचा होता. मी विचारलं, "कधीपासून शोधताय?"

"सात महिने झाले."

"बायको-पोर हरवलं म्हणून तक्रार दिलीत?"

त्याने मूर्तीवरून सोडवलेल्या कागदाची घडी घातली.

"मग सात महिन्यांनी आजच जीव कसा तुटायला लागला?"

उत्तर त्या रडवेल्या टोपीवाल्याने दिलं, आणि बिचाऱ्याने अगदी मनापासून दिलं. "सीझन हाय ना बाई. घरात मूर्तींची ओळ लागलीय बिनडोळ्यांची. गिऱ्हाईक रोज दारात. याच्या कारखान्याचं नाव ते डोळ्यांमुळंच. दुसऱ्याकडनं काढून बघितले, लोक म्हणतात, हा तुमचा गणपती नाय."

तेव्हा मला वहीतलं ते पान आठवलं. पाठ, बरगडी, दंड, मांडी, कान. आणि उजव्या हाताला साधा ओरखडा नाही. दहा वर्षं हा माणूस मारताना कुठे मारायचं नाही हे लक्षात ठेवून मारत होता. राग आला, तोल गेला, दारू प्यायली, असली सगळी कारणं मी कोर्टाच्या पायऱ्यांवर ऐकली आहेत. ज्याचा तोल जातो त्याला उजवा-डावा कळत नाही. याला कळत होतं. घरातली शिवणयंत्राची सुई जपावी तसा त्याने तो हात जपला होता, आणि आता तो हात परत न्यायला तो इस्त्री करून आला होता. आणि ही दोन म्हातारी माणसं त्याला प्रेम म्हणत होती.

मी उठून दारात आडवी उभी राहिले. "मागे व्हा," म्हटलं. भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा तो आवाज अजून माझ्यात शिल्लक आहे. दोघे टोपीवाले खरंच दोन पावलं मागे सरले.

तो सरला नाही. तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता. ती मधल्या दारात येऊन उभी होती. पदराआड मुलगी. तिच्या हाताला पिवळा रंग लागलेला होता.

"चल गो," तो म्हणाला. अगदी मऊ आवाजात.

"मी नाय येणार," ती म्हणाली.

एवढंच. मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे दुसरं 'नाय'. पहिलं मी मोडून काढलं होतं. हे दुसरं मोडायची त्याच्या बापाची टाप नव्हती, निदान त्या दुपारी तरी नव्हती.

पोलिसांची गाडी आली. महिला पोलीस चांगली होती, तिने त्याला फाटकाबाहेर काढलं. पण मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, त्यानं आज काही केलेलं नाही. नुसता उभा होता. संरक्षणासाठी अर्ज केलात तरी कोर्टाची तारीख लांबची मिळेल. इथं रोज माणूस ठेवायला आमच्याकडे माणूस नाही." तिचं खोटं नव्हतं. जाताना तो फाटकातून वळून म्हणाला, "आता घर माहीत झालं, मावशी. येत जाईन." आवाज तसाच मऊ होता. मूर्ती त्याने ओटीवरच सोडली.

त्याला घर माहीत झालं म्हणजे ते सगळ्यांना माहीत झालं. घरात तेव्हा ती धरून सात जणी होत्या आणि प्रत्येकीच्या मागावर कुणी ना कुणी होता. दोन दिवसांत घर रिकामं केलं. एकीला इथे, दोघींना तिथे, जिथे ओळख निघेल तिथे. मला विचाराल तर या सगळ्या व्यवहारातली सर्वांत मोठी चीड हीच आहे. मारणाऱ्याचा पत्ता सगळ्या तालुक्याला ठाऊक. तो आपल्या घरात, आपल्या खाटेवर झोपतो, आपल्या शिफ्टला जातो, मांडवात आरतीला पुढे उभा राहतो. पत्ता लपवायचा तो मार खाणारीने. गाव सोडायचं तिने, शाळा सोडायची तिच्या पोरीने, आणि मग त्या लपण्याचा खर्च द्यावा म्हणून दारोदार मी हिंडायचं.

मॅडमना फोन केला. त्यांना खरंच वाईट वाटलं. मग म्हणाल्या, "पण ताई, पत्ता बदलला की प्रस्ताव नव्याने द्यावा लागेल. पुढचा हप्ता तोवर थांबेल. आणि मूर्तीकाम मात्र बंद करू नका हं, तुमचं ते खूप छान दिसत होतं." मी फोन ठेवला. बोलले असते तर फार वाईट बोलले असते.

कारखानदार स्वतः आले. ते ओटीवर बसलेसुद्धा नाहीत. "बाई, मला आधी सांगायचं होतं. हा जोह्याकडचा हात आहे हे मी पहिल्या दिवशी ओळखलं होतं. मला वाटलं लेक माहेरपणाला आली असेल तुमच्याकडे, फावल्या वेळात करते. असं काही असेल हे डोक्यात आलं नाही." त्यांना काय बोलणार? मी घराचं गुपित सगळ्यांपासून इतकं राखलं की ज्या माणसाने मला सावध केलं असतं त्यालाही सांगितलं नव्हतं.

निघायच्या सकाळी ती मुलीचे कपडे पिशवीत भरत होती. तिला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवायचं ठरलं होतं, पार लांब. मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस गो, डोळ्यांवरून ओळखतात म्हणून?"

"सांगितलं व्हतं ना ताई. डोळे नको म्हटलं व्हतं."

"पण कारण नाही सांगितलंस."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तुम्ही रागावलात," ती म्हणाली. आणि मग पिशवीची गाठ मारता मारता म्हणाली, "माझ्यामुळं तुमचं घर गेलं ताई. माफ करा."

ती माझी माफी मागत होती. मी नर्सकडे बघितलं, ती तोंड फिरवून खिडकीशी गेली. मी तिच्या पाया पडायला हवं होतं. मी फक्त पिशवी उचलली आणि तिला गाडीपर्यंत सोडायला गेले. तिकीट मी काढलं. या खेपेला परतीचं नव्हतं.

आता आमचं दुसरं घर आहे. कुठे ते सांगणार नाही. पाटी नाही, मूर्ती नाहीत, फक्त पापड. त्या संस्थेचा नवा अर्ज मी भरला नाही. तालुक्यातल्या काही शिक्षिका, काही नर्सा आणि माझ्या जुन्या डेपोतल्या कंडक्टर बायका दर महिन्याला थोडं थोडं देतात, त्यावर भागतं आणि कधी कधी भागत नाही. नवी बाई आली आणि एखाद्या गोष्टीला नको म्हणाली, तर मी तिला का म्हणून विचारते, उत्तर येईपर्यंत थांबते, आणि उत्तर आलं नाही तरी तिचं नको तसंच राहू देते. एवढं शिकायला मला एका बाईचं घर मोडावं लागलं.

ती तिकडे एका मेसमध्ये पोळ्या लाटते. महिन्यातून एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून फोन करते. ब्रश हातात घेतलेला नाही. तिथले लोक गणपती आणतात त्यांचे डोळे फार वाईट काढलेले असतात, बघवत नाहीत, असं एकदा सांगत होती. मी विचारलं, मग तू काय केलंस? म्हणाली, "काय नाय. नमस्कार केला नि आले."

मागच्या आठवड्यात फोन आला तेव्हा बराच वेळ पोरीच्या शाळेचं बोलली. नवी शाळा बरी आहे, बाई चांगल्या आहेत. मग म्हणाली,

"ताई, पोरीनं शाळेत गणपती काढला. बाईंनी भिंतीवर लावायला मागितला. मी तिला कधी शिकवलं नाय हो, पण डोळे माझ्यासारखेच आले. तशीच पापणी."

"मग?"

"मी पुसले. खोडरबरानं. ती रडली. तिला म्हटलं, दोन ठिपके दे नुसते."

मी म्हणाले, बरं केलंस. इतकं वाईट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेली नाही.